मीठ सोडलेला तांडेल

आत्माराम काळकपारीवर जिवंत होता, आणि त्याच्याजवळचं पाणी संपत आलं होतं. त्याला तिथून उतरवून आणायचं, एवढ्या एकाच कामासाठी १९३१ सालच्या वैशाखाच्या अखेरीस आम्ही चौघं भाट्याच्या खाडीतून होडी घेऊन बाहेर पडलो.

काळकपार म्हणजे भर समुद्रातला खडकांचा पुंजका. वारा चांगला असला तर किनाऱ्यापासून एका दिवसाची वाट. आत्मारामचं गलबत मंगळुरी कौलं भरून येत असताना तिथं फुटलं. दोन खलाशी फळीला धरून वाहत गेले, त्यांना एका मचव्याने उचललं आणि पाचव्या दिवशी रत्नागिरीला आणून सोडलं. ते सांगत होते की आत्माराम खडकावर आहे, त्याचा पाय मोडलाय, आणि पाण्याचं एक लहान पिंप त्याच्या हाताला लागलंय. पिंप आठ दिवस पुरेल. त्यांतले पाच आधीच गेले होते!

पावसाची आगोट तोंडावर आली होती. पावसाच्या आधी कोकणातल्या होड्या वाळूवर ओढून झापांनी झाकून ठेवतात, तशा त्या झाकून झाल्या होत्या, आणि परका एकही मालक आपली होडी पुन्हा पाण्यात ढकलायला तयार नव्हता. तरणे खलाशी मुंबईला निघून गेले होते. उरले आम्ही.

गंगाराम तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, हा आत्मारामचा थोरला भाऊ. पंचेचाळिशीचा, दाराच्या चौकटीत वाकून शिरावं लागे असा धिप्पाड. काळकपारीच्या खडकांमधून आत जायची वाट ठाऊक असलेला भाट्यातला तो एकटाच माणूस. होडीही त्याचीच, झापांखालून पुन्हा ओढून काढलेली. दुसरा धाकूकाका, साठीचा खलाशी, जिभेने तिखट. तिसऱ्या येसूवहिनी, आत्मारामची बायको. त्यांचे वडील खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवत, त्यामुळे वल्हं हातात घेऊनच त्या वाढल्या होत्या. आणि चौथा मी, सदू, एका खासगी दवाखान्यातला कंपाउंडर. मोडलेल्या पायाला फळ्या बांधता येतात म्हणून मला घेतलं होतं. डॉक्टरांच्या पाठीमागे सात वर्षं उभा राहिल्यामुळे शास्त्रातलं बहुतेक सगळं आपल्याला कळतं, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती.

"बायमानूस घेवन दर्यात जायाचं?" धाकूकाका वाळूवरच अडून बसला. "अशानं काय होतंय ता ठाव हाय ना?"

 येसूवहिनी होडीत चढल्या, मधल्या फळीवर बसल्या आणि वल्हं हातात घेतलं. गंगारामने नुसती मान हलवली. विषय संपला.

एक गोष्ट इथंच सांगायला हवी. गलबताला उशीर झाला तेव्हाच गंगाराम ग्रामदेवीपुढे नवस बोलला होता, की आत्माराम डोळ्यांनी दिसेपर्यंत मीठ तोंडात घालणार नाही. निघालो त्या दिवशी त्याला अळणी खाऊन दहा दिवस झाले होते. अळणी उपास आमच्याकडे घरोघर करतात, त्यामुळे मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट कौतुकच वाटलं. मी काय मूर्ख होतो!

पहाटेच्या मतलईने, म्हणजे जमिनीकडून सुटणाऱ्या वाऱ्याने, आम्हाला छान बाहेर नेलं. ऊन वर येईपर्यंत किनारा निळसर पट्टी होऊन मागं राहिला होता आणि धाकूकाकासुद्धा गुणगुणायला लागला होता. दहाच्या सुमाराला वारा पडला. शीड डोलकाठीला चिकटून लोंबायला लागलं. दुपारचा खारा वारा तरी येईल म्हणून वाट पाहिली, तोही आला नाही. समुद्र तापलेल्या तव्यासारखा पसरला होता. त्यावर पाहवत नव्हतं.

"वल्हवा," गंगाराम म्हणाला.

आम्ही वल्हवायला लागलो. दोघं वल्ह्यावर, एक सुकाण्यावर, एक विसाव्याला, अशी पाळी ठरली. पण गंगारामने स्वतःची विसाव्याची पाळी कधी घेतलीच नाही. घाम कपाळावरून डोळ्यांत, डोळ्यांतून हनुवटीवर येत होता. मी मात्र खुशीत होतो, कारण माझं शास्त्र उपयोगी पडत होतं! माणसाचं अंग बाहेर कितीही तापलं तरी आतली ऊब एका ठरावीक रेषेवर धरून ठेवतं. ऊन वाढलं की कातडी घाम सोडते, घाम वाळतो, रक्त निवतं. घामाने गेलेलं पाणी भरून आलं की झालं. हे मी डॉक्टरांकडून ऐकलं होतं. आमच्याकडे दोन मोठी पिंपं काठोकाठ भरलेली होती, तेव्हा मी फर्मान काढलं: प्रत्येक पाळीला दोन तांबे पाणी, तहान असो वा नसो. आणि गंगारामला चार!

"तांडेल, प्या. तुमचा घाम आमच्या दुप्पट जातोय."

"पोट डमडमलंय रे, कंपाउंडर."

"प्या म्हणतो ना!"

बिचारा प्यायला.

जेवणाचा एक तमाशाच होता. आम्ही तिघं भाताबरोबर खारवलेला सुका बांगडा आणि आंब्याचं लोणचं खात होतो. गंगारामची अळणी पेज येसूवहिनी वेगळ्या मडक्यात रांधत, आणि वाडगा लांबूनच पुढं सरकवत. जेठ म्हणून अकरा वर्षांत त्या त्याच्याशी समोरासमोर एक शब्द बोलल्या नव्हत्या. तेवढ्याशा होडीतसुद्धा पदर डोळ्यांपर्यंत ओढून म्हणत, "धाकूकाका, भावजींना सांगा, पेज निवते." आणि भावजी दीड हातावर बसलेले! धाकूकाका मग तो निरोप मोठ्या गंभीरपणे पोचवी. मला हसू येई. त्या प्रवासात मी हसलो ते तेवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी गंगारामच्या हातातलं वल्हं सुटलं.

त्याने पोटरी दोन्ही हातांनी धरली. कातडीखाली गोळा उठला होता, दगडासारखा घट्ट. मी तो चोळून बसवला, तर दुसऱ्या पायात उठला. मग मांडीत. मग पोटात! एवढा धिप्पाड माणूस होडीच्या तळाशी वाकडातिकडा झाला आणि त्याने आपलाच दंड चावून धरला, ओरडू नये म्हणून.

"पाणी कमी पडतंय," मी म्हणालो आणि आणखी तीन तांबे पाजले. त्याला ओकारी झाली. बाहेर पडलं म्हणजे पुन्हा भरायला हवं, असा सरळ विचार करून मी पुन्हा पाजलं. डोक्यावर ओलं फडकं ठेवलं. नाडी धरून डॉक्टरांसारखा चेहराही केला असेन. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो उठून बसला आणि हातात वल्हं नसताना वल्हवायला लागला. हवेतच! पुढं, मागं, पुढं, मागं. डोळे उघडे होते, पण आमच्यापैकी कुणी त्यांत दिसत नसावं. येसूवहिनींकडे बघून म्हणाला, "आये, दार लाव. पाऊस आत येतोय." आकाशात ढग नव्हता. मग त्याची मान एका बाजूला वळली, दातखिळी बसली आणि सगळं अंग झटके द्यायला लागलं. होडी त्या झटक्यांनी डुलत होती. मी आणि धाकूकाकाने त्याला दाबून धरलं. केव्हातरी झटके थांबले आणि तो घोरायला लागला.

धाकूकाका उठून उभा राहिला. "गिऱ्हा लागलाय त्याला! बुडलेल्या माणसांचं भूत हाय ता, सोडायचं नाय. बाय होडीत घेतलीन तवाच मी बोललो व्हतो. आता होडी फिरवा!"

"फिरवा," येसूवहिनी म्हणाल्या. "पन आदी मना हितंच खाली उतरवा."

त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. धाकूकाका खाली बसला. पण फिरवायचं की पुढं जायचं, हा प्रश्नच खोटा होता. गंगारामशिवाय खडकांतून आत जाता येणार नव्हतं, आणि खडकावरचं पिंप हिशेबाने आजच संपणार होतं. एक भाऊ गेला की दुसराही गेलाच. येसूवहिनींना हे माझ्याइतकंच कळत होतं.

मी पुन्हा तांब्या भरला. आणि तो हातात धरून तसाच थांबलो.

आम्ही चौघंही वल्हवत होतो. चौघांवर ऊन तेच, पिंप तेच. मग आमच्यातला सगळ्यांत दांडगा माणूसच का पडावा? साठीचा धाकूकाका ठणठणीत आहे. मी, ज्याला दवाखान्याचा जिना चढताना धाप लागते, तो मीसुद्धा बसलोय. गंगाराम आमच्यापेक्षा वेगळं काय करत होता?

त्याची काळी बंडी वाळून कडक झाली होती. काखेपासून कमरेपर्यंत तिच्यावर पांढऱ्या रेघा उठल्या होत्या, एकीखाली एक. मी बोटाने एक रेघ खरवडली आणि जिभेला लावली.

मीठ!

माझ्या हातातून तांब्या पडला. दोन वर्षांपूर्वीच्या पटकीच्या साथीत डॉक्टर रोग्यांच्या शिरेत पाणी सोडत. नुसतं नव्हे, मिठाचं! ते मीठ तराजूत तोलून बाटल्या मीच भरत होतो. रक्तात मीठ असतंच, नुसतं पाणी सोडलं तर रोगी दगावेल, असं डॉक्टर मला बजावत. सगळं कानांवरून गेलं होतं! घाम पाण्याबरोबर मीठही नेतो. आमचं मीठ बांगड्यातून आणि लोणच्यातून भरून येत होतं. गंगारामचं बारा दिवस नुसतं बाहेर जात होतं. आणि मी शहाण्याने तांब्यामागून तांबे ओतून आत उरलंसुरलं होतं तेही पातळ करून टाकलं. त्याचं अंग तोल सावरायला धडपडत होतं आणि मी एकाच बाजूला भार टाकत बसलो होतो. चोहीकडे खारं पाणी, आणि त्याच्या मधोमध एक माणूस मिठावाचून मरत होता!

"मीठ द्यायला हवं," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता. नाहीतर हे संध्याकाळ बघत नाहीत."

"नवस मोडतंस?" धाकूकाका माझ्या अंगावर धावून आला. "देवीसमोर बोललाय तो! हिकडं ह्याच्या तोंडात मीठ गेलं की तिकडं आत्मारामाचा प्रान गेला म्हनून समज!"

मी येसूवहिनींकडे सरकलो आणि हळूच म्हणालो, "पेजेत विरघळवून देतो. त्यांना शुद्ध नाही. कुणाला कळणार नाही."

"देवीला बी नाय कळनार?"

 येसूवहिनी काळकपारीच्या दिशेने बघत बसल्या. तिकडे पाण्यावर नुसता उन्हाचा धूर होता. त्यांचा नवसावर विश्वास होता, माझ्यासारखा अर्धामुर्धा नव्हे, पुरता. आपण काय करायला निघालोय ते त्यांना दिसत होतं. मला त्या क्षणी त्यांची भीती वाटली, आणि कीवही आली.

"भावजींनी मीठ सोडलंन ता कोनासाटी?" त्या शेवटी म्हणाल्या. "माज्या घोवासाटी. मंग ता परत द्यायाचं तर मीच द्यायला हवं. तुजं काम नाय ह्या, कंपाउंडर."

त्यांनी मिठाचं गाडगं उघडलं. चिमूटभर मीठ पेजेच्या पाण्यात टाकून ढवळलं. पदर मागं पडला होता, तो वर ओढला नाही. गंगारामचं डोकं उचलून मांडीवर घेतलं. धाकूकाकाने तोंड फिरवलं.

"माज्या कुंकवाचं काय करायचं ता कर, आई," त्या म्हणाल्या. "पन ह्या मानसाला न्हेव नको."

गंगारामचे ओठ मिटलेले होते. चमचा लावला तर पेज हनुवटीवरून ओघळली.

"भावजी, तोंड उघडा!"

अकरा वर्षांतला पहिला शब्द. त्याने तोंड उघडलं.

"थोडी," मी म्हणालो. "एक चमचा. थांबा. गिळू द्या. आता दुसरा."

असं किती वेळ चाललं, सांगता येत नाही. दर चमच्याला त्या एकदा काळकपारीकडे बघत. वाडगा संपला, दुसरा केला. सूर्य कलला तशी त्याच्या पोटातली गाठ सैल पडली. घोरणं थांबलं. आणि मग त्याला लघवी झाली. ही एवढी! मी आनंदाने ओरडलो. अंगाला मीठ मिळालं होतं आणि आता ते फाजील पाणी आपणहून बाहेर फेकत होतं. दिवस मावळायच्या आत गंगारामने डोळे उघडून विचारलं, "वारा कंय हाय?"

वारा आला होता. नैर्ऋत्येकडून, बारीक, दमट. त्याच्या मागं ढगांची काळी कड होती. रात्रभर शीड आणि वल्हं दोन्ही चालवलं, आणि उजाडताना समोर काळकपार दिसली.

लाटा खडकांवर फुटत होत्या. मधल्या फटी फेसाने भरून जात आणि रिकाम्या होत. त्यांतली वाट कुठली ते मला शंभर वर्षांतही कळलं नसतं! आम्ही गंगारामला सुकाण्याशी टेकवून बसवला. त्याला मान धरवत नव्हती, पण डोळे जाग्यावर आले होते.

"थांबा... थांबा... आता! उजवं! मारा!"

होडी उचलली गेली. डावीकडे हातभर अंतरावर काळा खडक झरकन मागं गेला. वल्ह्याचं पातं कडकन मोडलं. "डावं! जोर!" येसूवहिनी पाय रोवून मागं झुकल्या. लाटेने आम्हाला ढकललं, फिरवलं, आणि एकदम शांत पाण्यात आणून टाकलं. आम्ही आत आलो होतो!

खडकावर हालचाल नव्हती. धाकूकाकाने हाळी घातली. उत्तर नाही. मग येसूवहिनी फळीवर उभ्या राहिल्या आणि जे नाव बायको कधी तोंडाने घेत नाही, ते त्यांनी छाती फोडून घेतलं.

"आत्माराम! आत्मारामाऽऽ!"

वरच्या कपारीतून एक हात वर झाला.

तो जिवंत होता, पण कसा! कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राही. घामाचा टिपूस नाही. जीभ सुजून ओठांबाहेर आलेली. पिंप आदल्या दिवशी सकाळीच संपलं होतं आणि तेव्हापासून तो समुद्राचं पाणी पीत होता. म्हणजे इथं सगळं उलटं! मीठ बाहेर टाकायला अंगाला पाणी लागतं, ते अंगातूनच ओढलं जात होतं, आणि प्यावं तितकी तहान वाढत होती. त्याने माझ्या हातातल्या तांब्यावर झडप घातली. मी तांब्या मागं घेतला. एकदा शिकलो होतो. पुन्हा कुणाला पाण्याने बुडवायची हौस नव्हती. ओठ भिजवले, चमच्याने घोटभर दिलं, शंभर आकडे मोजले, पुन्हा दिलं. तो मला शिव्या देत होता. शिव्या देण्याइतका होता, हे बरं.

पाय मात्र मी फडकं काढून बघितला आणि पुन्हा झाकला. गुडघ्याखाली तो काळा पडला होता आणि वास येत होता. फळ्या बांधल्या. उपयोग नव्हता, तरी बांधल्या. मग तिघांनी मिळून त्याला दोराने खाली सोडला, आणि भरतीच्या पाण्यावर गंगारामने आम्हाला त्याच फटीतून बाहेर काढलं. नैर्ऋत्येचा वारा शिडात भरला. होडी घराच्या दिशेने पळायला लागली.

दुपारी आत्मारामला थोडी लघवी झाली. काळपट, जेमतेम चूळभर, पण झाली. मी सगळ्यांना ओरडून सांगितलं. मूत्रपिंडं शाबूत होती. तो वाचणार होता! पाय वाचणार नव्हता, तेही मी सांगितलं, कारण लपवण्यासारखं काही नव्हतं.

येसूवहिनी त्या पायाजवळ बसून राहिल्या. गंगाराम भावाच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. मग त्याने पेजेचा वाडगा पुढं केला, प्रथमच हसला आणि म्हणाला, "धाकूकाका, आता मीठ घालायला सांगा. दिसला माजा भाव."

धाकूकाका समुद्राकडे बघायला लागला. मी दोराची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. त्याला आदल्या दुपारचं काही आठवत नसणार, आणि आम्ही तिघं गप्प बसलो असतो तर गोष्ट तिथंच मिटली असती.

"भावजी," येसूवहिनी म्हणाल्या. "काल दुपारी मी मीठ घातलं. तुमी शुद्धीत नव्हता. नवस मी मोडलाय." त्यांनी पायावरच्या फडक्याला हात लावला. "त्यांचा ह्या पाय गेला, ता माज्यापायी."

"वहिनी, भलतंच काय! हाड आठ-नऊ दिवसांपूर्वीच..." मी बोलायला लागलो. त्या ऐकत नव्हत्या. माझं शास्त्र त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

 वाऱ्याने शीड फडफडलं, गंगारामने सुकाणू सारखं केलं.

"मना कळलं व्हतं," तो म्हणाला.

येसूवहिनींनी मान वर केली.

"पयल्याच घोटाला कळलं. जिभेला लागलं ना! तोंड मिटायचं म्हनलं असतं तर मिटता आलं असतं मना. नाय मिटलं. जगायचं व्हतं." त्याने भावाच्या पायाकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. "घातलंस तू, गिळलं मी. दोगांचं हाय ता. एकटीनं घेव नको, येसू."

येसूवहिनींनी गाडगं पुढं ओढलं, त्याच्या वाडग्यात मीठ टाकलं, ढवळलं आणि वाडगा त्याच्या हातात दिला. आणि मग त्या रडायला लागल्या, चार दिवसांत पहिल्यांदा. गंगाराम खाली मान घालून पेज पीत राहिला. त्यांना गप्प करायला आमच्यापैकी कुणी गेलं नाही.